रंगप्पा टेलर आणि पेन्सिलीची टक्

गुंडूराव लाड यांच्या आवाजात एक गुण होता. तो ऐकला की माणसाला झोप यायची. हे त्यांना कुणा वैऱ्याने सांगितलेलं नव्हतं. लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात त्यांच्या पत्नीने, शारदाबाईंनी सांगितलं होतं, आणि पुढच्या तीस वर्षांत मत बदलावं असं काही त्यांच्या कानावर आलं नव्हतं. मुलगी शिल्पाश्री लहान असताना दुपारी झोपेना झाली की शारदाबाई वर्तमानपत्र नवऱ्याच्या हातात देत आणि म्हणत, "स्वल्प वाचा हिच्यापुढं. हवामान वाचा." तिसऱ्या शहराच्या तापमानापर्यंत पोरगी गाढ झोपलेली असायची.

अशा माणसाने १९९४ साली, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना, मुलांचं मनोरंजन करायचं ठरवलं.

त्याचं असं झालं. बनशंकरीतल्या त्यांच्या घरामागे मोकळी जागा होती आणि तिथे वीसेक झोपड्या होत्या. तिथले पुरुष जे. पी. नगरच्या बांधकामांवर जायचे आणि बायका फुलं ओवून देवळाबाहेर विकायच्या. रविवारी सकाळी त्या वस्तीतली मुलं गुंडूरावांच्या खिडकीच्या गजांना लटकून टीव्ही पाहत. शारदाबाई पडदा बाजूला सारून ठेवत आणि गुंडूराव तो पुन्हा ओढत, कारण उन्हाने लाकडी कपाटाचा रंग जातो. एका रविवारी त्यांच्या लक्षात आलं, की हिंदीचं अक्षर न कळणारी ही मुलं साबणाची जाहिरात पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत हिंदीत म्हणताहेत, चाल न चुकता. त्यांनी खिडकीशी जाऊन कानडीत विचारलं, "सात साते किती?"

खिडकी रिकामी झाली. शारदाबाई म्हणाल्या, "पडद्यापेक्षा हे बरं. पडदा ओढायचे कष्टही वाचतात आणि करमणूकही होते."

पण प्रश्न गुंडूरावांच्या डोक्यात राहिला. पलीकडच्या गल्लीत वसुमतीअक्का राहत. सरकारी शाळेतून निवृत्त झालेल्या. समाजाचं जे लग्नाचं छत्र, म्हणजे मंगल कार्यालय, होतं, त्याच्या मागच्या खोलीत त्या वस्तीतल्या मुलांचा संध्याकाळचा वर्ग घेत. ती खोली खरं तर लग्नाची मोठी पातेली ठेवायची. मुलं पातेल्यांच्या मधे बसायची, दोन लहान मुली तर एका पालथ्या पातेल्यावरच. गुंडूराव तिथे गेले आणि म्हणाले, "अक्का, पोरांना जाहिरात पाठ होते, मग पाढा का होत नाही?"

"जाहिरातीत बाई नाचते, गुंडूराव. माझे गुडघे दुखतात."

गुंडूराव बी.कॉम. होते. कारण कळलं की उपाय काढायचा, अशी त्यांची शिस्त होती. शिल्पाश्रीच्या मामाने दुबईहून आणलेला टू-इन-वन घरात होता. त्यावर कॅसेट भरता यायची. म्हणजे नाचणारी बाई नको, गुडघे नकोत. एक गोष्ट भरायची, तिच्यात एक विनोदी माणूस घालायचा, त्याने हिशेब चुकवायचे आणि मुलांनी ओरडून सुधारायचे. कॉलेजच्या नाटकात त्यांनी तिसऱ्या शिपायाचं काम केलं होतं. त्यात एकच वाक्य होतं आणि तेही दिग्दर्शकाने दुसऱ्या शिपायाला दिलं होतं, पण रंगभूमीचा अनुभव तो अनुभवच.

अशा रीतीने रंगप्पा टेलर जन्माला आला. रंगप्पा वेंधळा होता. झब्ब्याचं माप घेऊन उशीची खोळ शिवणारा. त्याच्याकडे एक भांडखोर गिऱ्हाईक बाई यायची. तिचं काम शारदाबाईंनी करायचं ठरलं, कारण घरात दुसरी बाई तयार नव्हती. शिल्पाश्रीने परीक्षेचं निमित्त सांगितलं, आणि ती परीक्षा तीन महिन्यांनी होती.

गुंडूरावांनी शारदाबाईंची वाक्यं शाईने लिहून दिली. "रंगप्पा, आपण माझे वस्त्र अद्याप का शिवले नाही?" अशी, कानडीत. शारदाबाईंनी कागद वाचला, घडी करून कंबरेला खोचला आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर देवळाबाहेर फुलांचा भाव करतात त्या आवाजात म्हणाल्या, "ए रंगप्पा, तुझ्या मशीनला काय सुतक आहे का रे?"

गुंडूरावांनी मशीन बंद केलं. "अगं, हे लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं ऐकून पोरं झोपतील. एवढी वर्षं ऐकतेय मी."

गुंडूरावांनी पुन्हा बटण दाबलं.

आता त्यांच्या कामाची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. गुंडूराव एका सरकारी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होते. तिथे दर तीन महिन्यांनी सामानाची यादी पडताळत. एक कारकून मोठ्याने वाचायचा: "बोल्ट, आठ नंबर, चारशे बारा." समोर गुंडूराव दुसरी यादी घेऊन बसलेले. आकडा जुळला की लाल-निळ्या पेन्सिलीने खूण करायची आणि पेन्सिलीचं बूड टेबलावर आपटायचं. टक्. जुळला नाही तर गप्प बसायचं. त्यामुळे वाचणाऱ्याला मान वर करावी लागत नसे. एकोणतीस वर्षं ही टक् चालली होती. गुंडूरावांचे साहेब बदलले, टेबल बदललं, टक् बदलली नाही. स्टोअर्समध्ये असं म्हणत, की एखाद्या गोष्टीवर गुंडूरावांची टक् पडली की ती देवानेही तपासायला नको. हे ऐकून त्यांना सुख वाटे, आणि त्या सुखातच घोळ होता.

दर रविवारी दुपारी एक कॅसेट. पंखा बंद, खिडक्या बंद, कुकरला बंदी. रंगप्पा म्हणायचा, "एका झब्ब्याला दोन मीटर कापड. झब्बे शिवायचे चार. मग कापड लागेल सहा मीटर? आठ मीटर? का दहा मीटर?" मग चार सेकंद शांतता. ती मुलांनी ओरडायची जागा. ती गुंडूराव मनगटावरच्या घड्याळाने मोजत. मग शारदाबाई रंगप्पाची खरडपट्टी काढत आणि खरं उत्तर सांगत.

कॅसेटी वसुमतीअक्कांकडे गेल्या आणि वर्ग भरू लागला. आधी अकरा मुलं होती, ती सव्वीस झाली. मुलं शारदाबाईंची वाक्यं वस्तीत एकमेकांना म्हणू लागली. गुंडूराव रस्त्याने जाताना कुणीतरी मागून ओरडे, "मशीनला सुतक आहे का रे?" त्यांना पूर्वी कुणी मागून हाक मारलेली नव्हती. ते मान ताठ ठेवून चालत, आणि कोपऱ्यावर वळले की हसत. आणि उत्तरं? वसुमतीअक्का म्हणाल्या, "एक चुकत नाही, गुंडूराव. रंगप्पा विचारतो आणि सगळ्यांचं एका आवाजात बरोबर. तीस वर्षं शिकवलं मी, असं पाहिलं नाही."

तीस वर्षं शिकवलेल्या बाईला जे जमलं नाही, ते आपल्याला बारा रविवारांत जमलं, यात गुंडूरावांना काहीच विचित्र वाटलं नाही. इथे त्यांनी आपली यादी एकदा पडताळायला हवी होती.

मग छत्राचे सेक्रेटरी विठोजीराव आले. चिकपेटमध्ये त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि समाजाच्या कामात त्यांचा शब्द शेवटचा. छत्रासाठी मोठा ग्राइंडर घ्यायचा होता, तो ठेवायला तीच खोली हवी होती.

"मुलं खरंच शिकत असतील तर ग्राइंडरला दुसरी जागा बघीन," ते म्हणाले. "युगादीनंतरच्या रविवारी येतो. दहा प्रश्न विचारतो. सहा आले तर खोली अक्कांची. नाही आले तर ग्राइंडरची. सरी, कबूल?"

"सहा कशाला, अण्णा," गुंडूराव म्हणाले. "दहाच्या दहा."

वसुमतीअक्कांना दुसरी जागा मिळणार नव्हती. त्यांच्या घरात दोन खोल्या आणि सात माणसं होती. खोली गेली की वर्ग गेला. त्यांनी हातातला खडू इतका घट्ट धरला की तो मोडला.

परीक्षेला आठ दिवस असताना गुंडूराव स्वतःची कीर्ती स्वतःच्या कानांनी ऐकायला वर्गात गेले. रंगप्पाने "चार पंचे" विचारलं आणि वीज गेली. वसुमतीअक्कांनी मेणबत्ती लावली. "रंगप्पा इथेच आहे की," त्या म्हणाल्या. "म्हणा तुम्हीच."

गुंडूराव उभे राहिले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मेणबत्ती दिलेली. त्यांनी रंगप्पाच्या आवाजात विचारलं, "चार पंचे पंधरा? वीस? का पंचवीस?"

चार सेकंद झाले. आठ झाले. सव्वीस मुलं त्यांच्या हाताकडे बघत होती.

"काय झालं? येत नाही?"

पुढे बसलेली मुनिलक्ष्मी उभी राहिली. नऊ वर्षांची, आईबरोबर फुलं ओवणारी, केसांत कायम उरलेल्या फुलांचा तुकडा. ती कानडीत म्हणाली, "ताता," म्हणजे आजोबा, "टक् आलीच नाही."

"कसली टक्?"

"रंगप्पा बरोबर उत्तर म्हणतो तेव्हा टक् येते ना. तुम्ही म्हणालात तेव्हा आलीच नाही. मग कसं कळणार?"

गुंडूराव घरी आले आणि पहिल्या कॅसेटपासून ऐकायला बसले. सहा मीटर. आठ मीटर, टक्. दहा मीटर. प्रत्येक खऱ्या उत्तरावर टक् होती, खणखणीत, एकोणतीस वर्षांच्या नोकरीने कमावलेली. त्यांनी या कॅसेटी निदान दहा वेळा ऐकल्या होत्या. भिंतीवरचं घड्याळ जसं घरच्यांना ऐकू येत नाही, तशी ती त्यांना कधी ऐकू आली नव्हती.

"तुला ऐकू येत होती?" त्यांनी शारदाबाईंना विचारलं.

"येत होती की."

"मग सांगायचं नाही?"

"मला वाटलं रंगप्पा कात्री खाली ठेवतोय. मनात म्हटलं, बघ, यांनी एवढी एक गोष्ट तरी नाटकातल्यासारखी केली."

गुंडूरावांनी मशीन बंद केलं. सव्वीस मुलांना त्यांनी तीन महिने खपून एक गोष्ट शिकवली होती: टेबल वाजलं की ओरडायचं. मग त्यांनी अगदी हळू आवाजात एक सूचना मांडली. विठोजीराव प्रश्न विचारतील तेव्हा आपण शेजारीच बसू. हातात पेन्सिल असतेच. सवय आहे, कुणाला काही वाटणार नाही.

शारदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आणि पुढं? त्या पोरीचं लग्न होऊन ती सासरी जाईल, तिथं बाजारात कुणी फसवायला लागलं, तर तुम्ही पेन्सिल घेऊन मागं उभे राहणार का?"

त्यांनी हात पुढे केला. गुंडूरावांनी खिशातली लाल-निळी पेन्सिल काढून त्यावर ठेवली. ती पिठाच्या डब्यात गेली.

उरलेल्या आठ दिवसांत कॅसेट नव्हती. गुंडूराव ऑफिसातून थेट वर्गात जात. पहिल्या दिवशी त्यांनी पाढे म्हणून दाखवले आणि पालथ्या पातेल्यावरच्या दोन मुली झोपल्या. दुसऱ्या दिवशी ते पोलादी टेप घेऊन गेले आणि म्हणाले, मोजा. मुलांनी खोली मोजली, पातेली मोजली, वसुमतीअक्कांची वेणी मोजली. फुलं विकणाऱ्या घरांतली मुलं. त्यांचं माप होतं मोळ, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, कारण गजरा तसाच विकतात. मुनिलक्ष्मीने स्वतःचा हात टेपवर लावला आणि म्हणाली, "माझे तीन मोळ म्हणजे ताताचा एक मीटर." मग दोन मीटर किती, पाच मीटर किती, यावर दोन दिवस भांडणं झाली. उत्तरं चुकत होती. बारा रविवारांत पहिल्यांदाच चुकत होती. वसुमतीअक्का म्हणाल्या, "आता ओळखीचं वाटतंय. असंच असतं."

रविवारी विठोजीराव कोरा पंचा आणि कापडाचा एक तुकडा घेऊन आले. पंचा घाम पुसायला, कापड कशाला ते कळेना. त्यांनी एक कॅसेटही ऐकली होती, आणि रंगप्पाची पद्धत त्यांना आवडली होती. प्रत्येक प्रश्नाला ते तीन उत्तरं देत होते. गुंडूराव कोपऱ्यात, झाकण घातलेल्या पातेल्याजवळ बसले होते. शारदाबाई दारात उभ्या होत्या.

नऊ प्रश्न झाले. पाच बरोबर, चार चूक. दहाच्या दहा म्हणणाऱ्या माणसाने जमिनीकडे बघायला सुरुवात केली होती.

विठोजीरावांनी कापडाची घडी मोडली. "अक्का सांगत होत्या, कुणी मुलगी तीन मोळांचा मीटर म्हणते. कोण? ये. हे चार मीटर कापड. तुझ्या हाताने किती मोळ? दहा? अकरा? बारा?"

मुनिलक्ष्मी पुढे आली. तिने कापडाकडे पाहिलं नाही. गुंडूरावांच्या हाताकडे पाहिलं.

पातेल्याचं झाकण वीतभर अंतरावर होतं. बोटाने नुसतं टेकवलं असतं तरी पुरलं असतं. तीन चोक बारा, गुंडूरावांना झोपेतही येत होतं. त्यांचा उजवा हात आपोआप उचलला गेला. त्यांनी तो डाव्या हाताने पकडला, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. छप्पन्न वर्षांचा बी.कॉम. माणूस, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

मुनिलक्ष्मी स्वल्प थांबली. मग तिने कापड उचललं आणि गजरा मोजावा तसं कोपराला लावून मोजत गेली. "अकरा. वर चार बोटं."

"चुकलं," विठोजीराव म्हणाले. "तीन चोक बारा."

वसुमतीअक्कांनी हजेरीची वही मिटली. गुंडूरावांच्या मनात आलं, की आयुष्यात एकदाच टक् उपयोगी पडली असती आणि नेमकी तेव्हाच आपण ती आवरली. सज्जनपणाची वेळ निवडण्यातही ते कच्चे होते.

तेवढ्यात दारातून भांडखोर गिऱ्हाइकाचा आवाज आला. "ए रंगप्पा, कापड मोजून आणलंस का बघून आणलंस?"

सव्वीस मुलं हसली. विठोजीरावांना हा आवाज कॅसेटमधला आहे हे कळायला एक क्षण लागला, आणि रंगप्पा आपण आहोत हे कळायला आणखी एक. "दुकानातून कापून आणलंय, वहिनी. चारच मीटर."

"मग मोजा की."

गुंडूरावांनी खिशातून पोलादी टेप काढला. एक टोक मुनिलक्ष्मीने धरलं. कापड ताणलं गेलं. गुंडूरावांनी चष्मा वर केला, टेपजवळ नाक नेलं आणि हवामान वाचावं त्या आवाजात वाचलं, "तीन मीटर, त्र्याहत्तर सेंटिमीटर."

आणि टेपची डबी पातेल्याच्या झाकणावर आपटली गेली. टक्.

मुलं एवढ्या जोराने ओरडली की पुढच्या दालनात मांडव घालणारे कामगार बघायला आले. मुनिलक्ष्मी तेवढी ओरडली नाही. ती चार बोटं पुन्हा कापडावर ठेवून बघत होती.

विठोजीरावांनी कापडाची घडी घातली. सावकाश, कडा जुळवत. "दुकानातला माणूस नवीन आहे," ते म्हणाले. त्यांनी घडी काखेत मारली. मग ते म्हणाले, "सहा झाले. ग्राइंडर जिन्याखाली ठेवीन. पण पातेली इथंच राहतील, अक्का. ती मी कुठं नेऊ?"

"राहू देत," वसुमतीअक्का म्हणाल्या. "पोरं बसतात त्यांच्यावर."

जाताना विठोजीरावांनी ते कापड मुनिलक्ष्मीला दिलं. तिने ते पुन्हा एकदा मोजून घेतलं.

पुढच्या रविवारी गुंडूरावांनी नवी कॅसेट भरायला घेतली. या वेळी तीन उत्तरं नव्हती. रंगप्पाने गोष्ट सांगायची, मधे मधे चुकायचं, आणि मुलांनी चूक पकडायची. चूक झाली की आवाज यायला हवा, म्हणजे बाकीच्या मुलांना कळेल आणि ती थांबून कारण शोधतील, असं मुनिलक्ष्मीचं म्हणणं पडलं. ती टेबलाजवळ येऊन बसली. शारदाबाईंनी पिठाच्या डब्यातून पेन्सिल काढली, पदराला पुसली आणि तिच्या हातात दिली.

"टक् कधी करायची, कळलं ना?" गुंडूरावांनी विचारलं.

"ताता चुकले की."

"रंगप्पा चुकला की."

"तेच ते," शारदाबाई म्हणाल्या आणि बटण दाबलं.

गुंडूरावांनी रंगप्पाच्या चुका आदल्या दिवशी शाईने लिहून, क्रमांक घालून ठेवल्या होत्या. त्या नऊ होत्या. कॅसेटमध्ये टक् सत्तावीस वेळा ऐकू येते.